वावरात पिकणारी गारगोटी

उन्हाळवाहीत वखर चालू असताना त्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, गोट्यावर गेली की दाताखाली खडा आल्यासारखा आवाज होतो. बैलसुद्धा क्षणभर थबकतात. आमचं वावर आर्वी तालुक्यात, निम्मं बरडाचं, म्हणजे मुरमाड जमिनीचं, त्यामुळे हा आवाज ऐकतच मी मोठा झालो. वखरणी झाली की आम्हा पोरांना टोपली देऊन गोटे वेचायला लावत. वेचलेले गोटे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकायचे. पांढरे, दुधाळ, कुठे निळसर, कुठे पिवळट. काळ्याभोर मातीत ते लांबूनही उठून दिसतात, उन्हात तर मेण लावल्यासारखे चमकतात. आबाजींना विचारलं, हे येतात कुठून, तर म्हणायचे, "पिकते ते वावरात. दरसाल वेचतो अन् दरसाल निंघते. त्याले ना बी लागत ना खत."

धुऱ्यावरचा तो ढीग आजही तसाच आहे. फरक एवढाच की त्यातला एखादा गोटा घासून, पॉलिश करून चांदीत बसवला तर त्याला उपरत्न म्हणतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आबाजींच्या उत्तरात खरं तर दोन प्रश्न आहेत: हे गोटे मुळात आले कुठून, आणि एकदा वेचल्यावर पुन्हा वर कसे येतात? दोन्हींची उत्तरं भूगर्भशास्त्रात आहेत, आणि दोन्ही शेवटी आपल्या काळ्या मातीपाशीच येऊन थांबतात.

आधी नावांचा गोंधळ निस्तरू. आपण ज्याला सरसकट गारगोटी म्हणतो त्यात विदर्भापुरते तरी दोन वेगळे दगड येतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचे खडक शेकडो कोटी वर्षं जुने. तिथली पांढरी गारगोटी म्हणजे त्या खडकांच्या भेगांत भरलेल्या क्वार्ट्झ या खनिजाच्या शिरा. ती फोडली तर काचेसारखी चकाकते. आमच्याकडची, म्हणजे वर्धा, यवतमाळ, अमरावती, वाशीम, बुलढाणा या पट्ट्यातली गारगोटी मात्र लाव्ह्याच्या खडकातली. ती चकाकत नाही, तिच्यावर मेणासारखी मंद झाक असते. तिचं शास्त्रीय नाव कॅल्सेडनी. कॅल्सेडन हे जुन्या काळचं एक बंदर होतं, आज तो भाग इस्तंबूल शहरात येतो, त्यावरून हे नाव पडलं. त्याच कॅल्सेडनीत रंगांचे पट्टे असले की व्यापारी तिला अकीक किंवा हकीक म्हणतात, काळे-पांढरे पट्टे असले की सुलेमानी, आणि लालसर-केशरी असली की कार्नेलियन. म्हणजे एकाच घरातली पोरं, फक्त रंगानं वेगळी. हा लेख आमच्या पट्ट्यातल्या पांढऱ्या, फिकट पोरीबद्दल आहे.

ती बनलेली आहे सिलिकाची. सिलिका म्हणजे सिलिकॉनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन. वाळूत सगळ्यात जास्त हीच असते, काचही हिचीच होते, पारदर्शक स्फटिकही हाच. मग स्फटिक आरपार दिसतो आणि गारगोटी दुधाळ का? याचं उत्तर किराणा दुकानात मिळतं. खडीसाखर आणि बत्तासा, दोन्ही साखरच. खडीसाखरेचा खडा हा एकसंध स्फटिक असतो, उजेड त्यातून सरळ पलीकडे जातो. बत्तासा म्हणजे साखरेचे असंख्य बारीक कण एकमेकांना चिकटलेले. उजेड आत शिरतो, या कणावरून त्या कणावर आपटतो, चहूकडे पसरतो, आणि आपल्याला पांढरं दिसतं. कॅल्सेडनी हा सिलिकाचा बत्तासा. तिच्यातले धागे इतके बारीक असतात की साध्या भिंगातून दिसत नाहीत, त्यांची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. या धाग्यांमध्ये क्वार्ट्झसोबत मोगॅनाइट नावाचा त्याचाच एक भाऊबंद मिसळलेला असतो, आणि फटींमध्ये थोडं पाणी. हे पाणी लक्षात ठेवा, पुढे तेच घोटाळे करतं.

काही गोटे निळसर दिसतात, त्यात निळा रंग कोणी घातलेला नसतो. चुलीचा धूर काळ्या भिंतीसमोर निळसर दिसतो आणि त्याच धुरातून सूर्याकडे पाहिलं तर सूर्य तांबूस दिसतो. अतिबारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात, बाकीचा पलीकडे जाऊ देतात. निळसर गोट्याची पातळ चकती उन्हाकडे धरून पाहा, ती पिवळट दिसेल.

आता जन्माची गोष्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. ज्वालामुखीचा डोंगर वगैरे चित्र डोळ्यांसमोर आणू नका. पातेल्याच्या काठावरून दूध उतू जावं तसा तो पसरत गेला. एक थर, तो थंड झाला की त्यावर दुसरा, असे कितीतरी थर. आज उरलेला त्याचा पसाराच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. नागपूरची सीताबर्डीची टेकडी ही त्या पसाऱ्याच्या पूर्व काठावरची. तिथून पश्चिमेकडे सह्याद्रीपर्यंत हाच काळा दगड, बेसाल्ट.

वितळलेल्या दगडात वायू विरघळलेले असतात. लाव्हा वर आला, त्यावरचा दाब कमी झाला, की ते वायू बुडबुडे होऊन सुटायला लागतात. रटरटणारं पिठलं डोळ्यांसमोर आणा. चुलीवरून उतरवल्यावर ते घट्ट होत जातं आणि शेवटचे बुडबुडे वरच्या अंगाला तसेच अडकून राहतात. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचं तेच झालं: पोटात घट्ट पाषाण आणि माथ्याला पोकळ्यांची जाळी. भूगर्भवाले याला कुहरी खडक म्हणतात. विहीर खणणाऱ्याला हा शब्द ठाऊक नसला तरी खडक पक्का ठाऊक असतो, कारण पाझर बहुधा याच थरात लागतो. पोकळ्या कुठे मुगाएवढ्या, कुठे आंब्याएवढ्या, क्वचित डोकं मावेल एवढ्या.

लाव्हा थिजल्यावर या पोकळ्या रिकाम्याच होत्या. नंतर पाऊस मुरला. आतला खडक अजून कोमट-गरम, त्यामुळे मुरलेलं पाणीही तापलं. बेसाल्टमध्ये वजनानं जवळपास निम्मी सिलिका असते. ती आपल्याला न विरघळणारी वाटते, पण गरम पाणी वर्षानुवर्षं खडकातून झिरपत राहिलं तर थोडीथोडी सिलिका सोबत घेऊन जातं. असं पाणी पोकळीत आलं, थंड झालं, की जास्तीची सिलिका भिंतीवर बसायला लागते. आंघोळीच्या बंबात क्षारांचं पांढरं कवच धरतं, तसंच. फक्त इथे वेळेची कमतरता नव्हती. हे काम लाव्ह्याच्या भट्टीत झालेलं नाही. लाव्हा हजार अंशांच्या वर तापलेला असतो, आणि कॅल्सेडनी साधारण २०० अंशांच्या खाली, बरेचदा त्याहून पुष्कळ कमी तापमानाला जमते. म्हणजे गारगोटी आगीत जन्मली असं जे म्हटलं जातं ते अर्धंच खरं. आगीनं फक्त घर बांधलं, राहायला आलं ते पाणी.

कवच भिंतीकडून आतल्या बाजूला वाढत जातं. प्रत्येक पदराचे धागे एका बिंदूतून पंख्यासारखे पसरतात, म्हणून पुष्कळ गोट्यांचा पृष्ठभाग द्राक्षाच्या घडासारखा गोलगोल उंचवट्यांचा असतो. पाण्यातलं लोह वगैरे कमीजास्त होत गेलं की रंगांचे पदर दिसतात. हे पदर नेमके कसे पडतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पोकळी पूर्ण भरली तर भरीव गोटा मिळतो. मधे जागा उरली आणि पाणी संथपणे येत राहिलं तर शेवटी मोठे, टोकदार स्फटिक वाढतात. बाहेरून ओबडधोबड दिसणारा गोटा फोडला आणि आत साखरेसारखं लखलखतं काही निघालं, तर तो हाच प्रकार. लहानपणी असे गोटे फोडायचा आम्हाला नाद होता. दहातला एक निघायचा, उरलेल्या नवांच्या कपच्या पायात घुसायच्या.

एवढं झालं तरी गोटा अजून खडकातच आहे. वावरात कसा आला? इथे काळी माती गोष्टीत येते. बेसाल्ट टणक दिसतो, पण ऊन-पावसाला तो फार टिकाव धरत नाही. त्यातली खनिजं पाण्याशी झगडून हरतात, दगडाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. आपली कपाशीची काळी जमीन म्हणजे लाखो वर्षांत कुजलेला बेसाल्ट. पोकळीतल्या कॅल्सेडनीला मात्र पाऊस फारसं काही करू शकत नाही. आजूबाजूचं घर पडलं, भिंती माती झाल्या आणि घरातली तिजोरी तेवढी शाबूत राहिली, असं ते आहे. काळी माती आणि पांढरा गोटा एकाच दगडातून आलेले. एकानं कुजून कापूस पिकवला, दुसरा न कुजता वखराच्या पासेला आडवा येतो.

आता आबाजींचा दुसरा मुद्दा: दरसाल वेचतो, दरसाल निंघते. यात धूप तर आहेच. पावसानं बारीक माती वाहून जाते, जड गोटा जागीच उघडा पडतो. पण काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट गटाची चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. चैत्र-वैशाखात वावराला ज्या भेगा पडतात, ज्यात हातभर काठी सहज जाते, त्या यामुळेच. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते. मृगाचा पाऊस आला की खालची माती फुगते, पण भेगेत आता आधीच माती भरलेली, जागा उरलेली नाही. मग ती बाजूला आणि वर रेटते. गोटा भेगेत पडण्याएवढा बारीक नसतो, त्यामुळे तो खाली जात नाही, वर मात्र दरवर्षी थोडाथोडा ढकलला जातो. त्यावरून नांगर फिरला की उरलेलं काम तो करतो. पीक नाही म्हणता येणार, पण "दरसाल निंघते" हे आबाजींचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं.

पांढरा दिसला म्हणून प्रत्येक खडा गारगोटी नसतो. आपल्या वावरात चुनखडीचेही खडे असतात, आणि विहिरीच्या ढिगाऱ्यात झिओलाइट नावाच्या खनिजाचे नाजूक, चकचकीत झुपके सापडतात. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. चाकूचं टोक दाबून ओढा: चुनखडीवर आणि झिओलाइटवर ओरखडा उमटतो, गारगोटीवर उलट चाकूचीच करडी रेघ उठते. जुन्या काचेच्या तुकड्यावर गारगोटी ओढा, काचेवर चरा पडेल. कठीणपणाच्या १ ते १० या मोज़ मापावर ती ६.५ ते ७ भरते, काच साडेपाचच्या आसपास, हिरा १०. आणि शेवटी लिंबू पिळा. चुनखडीवर बारीक बुडबुडे येतात, गारगोटी ढिम्म राहते. फुटते कशी हेही पाहा: सपाट पाकळ्यांनी नाही, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी वाटोळी, आणि तिची कड इतकी धारदार निघते की बोट कापतं.

या धारेवर माणसानं हजारो वर्षं काढली. लोखंड नव्हतं तेव्हा कॅल्सेडनीची बोटाच्या पेराएवढी, कधी त्याहून लहान पाती काढून ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीनं बसवत. झाला इळा, झाला बाण. पुरातत्त्ववाले यांना सूक्ष्मास्त्रं म्हणतात. दगड निवडताना त्या लोकांनी जे गुण पाहिले ते आजच्या रत्नशास्त्राच्या पुस्तकातलेच आहेत: टणक, बारीक पोताचा, हवा तसा फुटणारा.

नंतर लोखंड आलं तरी गोट्याची नोकरी गेली नाही. उलट दोघांची जोडी जमली. आबाजींच्या खिशात एक पितळी डबी असायची. तिच्यात पोलादाची बोटभर पट्टी, एक गारगोटी आणि सावरीचा जाळून काळा केलेला कापूस. काडेपेटी घरात होती, पण विडी ते चकमकीवरच पेटवत. गोट्याच्या कडेवर कापूस अंगठ्यानं दाबून धरायचा आणि पट्टी तिरपी मारायची. दुसऱ्या-तिसऱ्या फटक्याला ठिणगी कापसात बसायची. मला वाटायचं आग दगडात लपलेली आहे. तसं नाही. गारगोटी पोलादाहून कठीण, ती त्याची अतिबारीक सालपटं काढते. ही सालपटं घर्षणानं तापलेली असतात आणि हवा लागताच जळतात. ठिणगी म्हणजे जळणारं लोखंड. दगड फक्त रंधा.

पण दगडात काहीच नाही असंही नाही. अमावास्येच्या रात्री, दिवा घालवून, दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासा. दोन्ही आतून पिवळसर उजळतात, क्षणभरच, आणि जळकट वास येतो. पाण्याच्या बादलीत बुडवून घासल्या तरी उजळतात, म्हणजे ही जळणारी ठिणगी नव्हे. घासताना दगडातले बंध तुटतात, विद्युतभार वेगळे होतात आणि पुन्हा जुळताना उजेड पडतो. लाइट गेल्यावर आमच्याकडे हा खेळ ठरलेलाच होता, आणि वास कोणाच्या गोट्याचा जास्त येतो यावरून भांडणंही.

एक गोष्ट मात्र करू नका. गारगोटी चुलीत किंवा होळीत टाकू नका, आणि तीन दगडांची चूल मांडताना ती वापरू नका. धाग्यांच्या फटीतलं ते पाणी एकदम तापलं की वाफ होतं, वाफेला वाट मिळत नाही, आणि दगड फटाक्यासारखा फुटून कपच्या उडतात.

हेच पाणी हळूहळू काढलं तर मात्र दगडाचं सोनं होतं. गुजरातेत खंभातला अकीकाचा धंदा फार जुना. कच्चा गोटा भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणीतून येतो. आधी तो कितीतरी दिवस उन्हात वाळवतात, मग मातीच्या भांड्यात घालून शेणाच्या गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात. भाजल्यावर पिवळट गोटा लाल होतो. जादू काही नाही, कुंभाराच्या आव्यात मडकं लाल होतं तेच कारण. दगडातल्या लोहाच्या संयुगात पाणी असतं, तोवर तो पिवळा-तपकिरी. आचेनं ते पाणी गेलं की तांबडं ऑक्साइड उरतं. भाजण्याचा दुसरा फायदा असा की गोटा फोडायला सोपा होतो. कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर गोटा टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं ठोकतो. कपची निघते ती खालच्या टोकाकडून. असं उफराटं ठोकून ओबडधोबड मणी घडवायचा, मग घासायचा, भोक पाडायचं, पॉलिश करायचं.

हे सगळं आपल्या विदर्भातही होत होतं, हे मला फार उशिरा कळलं. नागपूरपासून थोड्याच अंतरावर माहुरझरी आहे. तिथली शिळावर्तुळं, म्हणजे मोठमोठ्या दगडांनी वेढलेली दफनं, इसवीसनाच्या आधीच्या हजार वर्षांतली. डॉ. शां. भा. देव यांनी १९७०च्या सुमारास तिथे उत्खनन केलं, तेव्हा माणसांसोबत पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे अलंकार निघाले, आणि अकीक-कार्नेलियनचे मणीही. त्या गावाची मण्यांसाठी ख्याती अशी की तिथे घडवलेलेच नाही तर अर्धवट राहिलेले, भोक पाडताना फुटलेले मणीही सापडतात. बिघडलेला माल कोणी लांबून विकत आणत नाही. म्हणजे कारखाना तिथेच होता. आमच्या आर्वीजवळ वर्धा नदीपलीकडे कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिथलं उत्खनन करणारे मोरेश्वर दीक्षित हे मण्यांचेच अभ्यासक. लाल मण्यावर पांढरी नक्षी कशी काढत हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. नक्षी रंगाची नसायची. सोड्याचं आणि झाडाच्या चिकाचं मिश्रण करून रेघा ओढायच्या आणि मणी भाजायचा. क्षार दगडात उतरून तेवढा भाग कायमचा पांढरा होतो.

या दोन विषयांना, म्हणजे लाव्ह्याचे दगड आणि शिळावर्तुळं यांना, सांधणारा एक माणूस नागपुरात होऊन गेला. स्टीफन हिस्लॉप, मिशनरी. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळातले शंख-शिंपले, बिया त्यांनी नागपूरच्या आसपास गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ गोष्टी सिलिकाच्याच दगडात जपल्या गेल्या होत्या. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याला पाणी होतं, त्यात ते बुडाले.

उपयोगांची यादी दागिन्यांवर संपत नाही. प्रयोगशाळेत रसायन घोटायचा खल अकीकाचा असतो, कारण तो झिजून नमुन्यात मिसळत नाही आणि बहुतेक आम्लं त्याला काही करत नाहीत. जुन्या रासायनिक तराजूची दांडी अकीकाच्या धारेवर तोललेली असे. सोन्याचा वर्ख बसवणारे तो अकीकाच्या गुळगुळीत दातानं घोटून चमकवतात. आणि चिनीमातीच्या कारखान्यात पांढरं झिलईचं द्रव्य दळताना लोखंडी गोळ्या चालत नाहीत, लोहाचा डाग पडतो, म्हणून फिरत्या पिंपात, म्हणजे बॉल मिलमध्ये, असे गोटेच घालतात. गौण खनिजांच्या सरकारी यादीत मुरूम, कंकर, विटांची माती यांच्या पंगतीत 'बॉल मिलसाठी वापरायचे कॅल्सेडनीचे गोटे' असा उल्लेख येतो. उपरत्नाचा हा रुबाब! खरं तर उपरत्न हा दगडाचा गुणच नाही, बाजाराचा शब्द आहे. गोटा दुर्मीळ नाही, महाग पडते ती त्यावरची मजुरी.

आणि त्या मजुरीची दुसरी बाजूही आहे. हा दगड कोरडा घासला की सिलिकाची अतिबारीक धूळ उडते. ती फुप्फुसात खोल जाऊन बसते, तिथे व्रण धरतात, श्वास कमी होत जातो. सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि बसलेली धूळ काढणारं औषध नाही. खंभातच्या घासणाऱ्या कारागिरांमध्ये हा आजार आढळल्याचं अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं नोंदवलंय. हे काम घराघरांत चालतं, त्यामुळे घासणाऱ्यासोबत घरातली माणसंही ती धूळ खातात. पाणी सोडून घासणं आणि धूळ ओढणारा पंखा, एवढ्यानं धोका पुष्कळ कमी होतो. यूट्यूब पाहून घरी ग्राइंडरवर गोटे पॉलिश करायला निघालेल्या पोरांना माझं सांगणं एकच: पाण्याशिवाय मशीन सुरू करू नका.

दुकानातल्या मालाबद्दल थोडं. गडद गुलाबी, जांभळा, मोरपंखी हकीक दिसला की तो रंगवलेला समजा. धाग्यांच्या फटींमुळे कॅल्सेडनी रंग पिते. काळा करायची युक्ती तर फारच मजेदार: दगड साखरेच्या पाण्यात आठवडा-दोन आठवडे भिजत ठेवतात, मग सल्फ्युरिक आम्लात टाकतात. आत मुरलेली साखर जळून कोळसा होते आणि पट्टे काळे पडतात. जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइन गावानं एकोणिसाव्या शतकात अशा युक्त्यांवर मोठा व्यापार उभा केला. ही फसवणूक नव्हे, सांगून विकलं तर.

न सांगता विकलेला माल माझ्या घरात आहे. चुलतभावाला कोणीतरी चंद्र कमजोर असल्याचं सांगितलं, आणि तो शहरातल्या एका दुकानातून मूनस्टोनची अंगठी घेऊन आला. मूनस्टोन म्हणजे चंद्रकांत हा गारगोटीच्या घरातला नाहीच. तो फेल्डस्पार नावाच्या वेगळ्याच खनिजाचा, आणि त्याच्या आत दोन जातींच्या फेल्डस्पारचे अतिपातळ पदर असतात. खडा हलवला की त्यांच्यामुळे चांदण्यासारखी निळसर झाक पृष्ठभागाखाली सरकताना दिसते. संस्कृत कवींनी त्याला चंद्रप्रकाशात पाझरायला लावलं ते याच झाकेवर भाळून असावं. पांढरी कॅल्सेडनी चंद्रकांत म्हणून सर्रास खपवतात, पण तिची झाक सरकत नाही. भावाच्या अंगठीतला खडा कॅल्सेडनीही नव्हता. भिंगाखाली धरला तर आत दोन गोल बुडबुडे दिसले. काच. खड्यानं ग्रह हलतात यावर माझा विश्वास नाही, पण भावाला मी तेवढंच म्हणालो, "अबे, धुऱ्यावरून एक उचलला असता तरी खरा दगड भेटला असता."

त्यानंतर मीच धुऱ्यावरून एक मुठीएवढा गोटा आणला, धुतला आणि टेबलावर ठेवला. दोन दिवसांनी तो गायब. आईनं तो लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत दडपण म्हणून ठेवला होता. "काऊन, चांगला भारी हाय ना थो!" मी काही बोललो नाही, कारण निवड अचूक होती. चुनखडीचा असता तर लिंबानं त्याला खाल्लं असतं. वर्षभरानं बरणी रिकामी झाली तेव्हा गोटा काढून पाहिला. झीज काहीच नव्हती. फक्त एका बाजूनं हळद आत शिरली होती, नखभर खोल, आणि ती राखेनं घासली तरी जाईना.